‘.३८ स्पेशल’ म्हणून गळ्यात मारलेली व्हिक्टरी

सहा फैरी झाडल्या, सिलिंडर उघडला, पुंगळ्या बाहेर ढकलणारा दांडा म्हणजे इजेक्टर दाबला, तर पुंगळ्या जागच्या हलत नाहीत. जोर लावून काढल्या तर प्रत्येकीचा बुडाकडचा भाग फुगलेला, एखाददुसरी उभी चिरलेली. अमेरिकेत स्वस्तातलं जुनं स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याला आपण फसलो हे बहुतेक वेळा इथे कळतं. तोवर पैसे गेलेले असतात आणि कागदावर सहीही झालेली असते.

ज्या रिव्हॉल्व्हरवर ही फसवणूक सर्वांत जास्त चालते ते म्हणजे १९४२ ते १९४५ दरम्यान बनलेलं ‘व्हिक्टरी मॉडेल’. मुठीच्या बुडाशी कोरलेल्या नंबराआधी ‘व्ही’ हे अक्षर असतं. ब्रिटन आणि राष्ट्रकुलाच्या सैन्यांना अशी पाच लाखांहून जास्त रिव्हॉल्व्हरं गेली. त्यांची नळी बहुधा पाच इंची आणि काडतूस .३८ एस अँड डब्ल्यू (म्हणजे स्मिथ अँड वेसन), ज्याला ब्रिटिश .३८/२०० म्हणत. अमेरिकी नौदलाची मात्र चार इंची आणि .३८ स्पेशल या लांब, जास्त दाबाच्या काडतुसाची. युद्धानंतर ब्रिटिशांकडचा माल भंगाराच्या भावाने अमेरिकेत परतला. तिथे .३८ एस अँड डब्ल्यूला फारसं गिऱ्हाईक नव्हतं, .३८ स्पेशल मात्र कुठेही मिळत होतं. मग चेंबरमध्ये, म्हणजे सिलिंडरमधल्या काडतुसाच्या भोकात, रीमर हे भोक कोरायचं हत्यार घालून ते लांब करायचं, नळी दोन इंचांवर कापायची, वरून चकचकीत निळा रंग किंवा निकेल चढवायचं, की झालं ‘.३८ स्पेशल’.

खोट आहे ती रुंदीत. .३८ एस अँड डब्ल्यूची पुंगळी बुडाशी ९.८ मिमी जाड असते आणि लांबीला जेमतेम १९.७ मिमी. .३८ स्पेशलची पुंगळी ९.६ मिमी जाड आणि २९.३ मिमी लांब. रीमरने चेंबरची पुढची बाजू खोदता येते, पण मागची बाजू आधीच रुंद आहे, ती अरुंद कशी करणार? त्यामुळे स्पेशलची पुंगळी मागे सैल बसते, बार उडाला की पितळ त्या मोकळ्या जागेत फुगतं आणि कधी फाटतं. फाटलं की तप्त वायू मागे, नेमबाजाच्या तोंडाकडे येऊ शकतो. दुसरी अडचण नळीची. ती ९.१७ मिमीच्या गोळीसाठी कापलेली, स्पेशलची गोळी ९.०७ मिमीची. गोळीला नळीची पकड नीट मिळत नाही आणि ती कागदावर आडवी लागते. दाबाचंही बघा: .३८ एस अँड डब्ल्यूची कमाल मर्यादा १४,५०० पाउंड प्रति चौरस इंच, स्पेशलची १७,०००, आणि ‘प्लस पी’ची, म्हणजे स्पेशलच्याच जास्त दाबाच्या काडतुसाची, २०,०००. हलक्या भाराची काडतुसं घालून अशी रिव्हॉल्व्हरं चालवणारे लोक आहेत. आमचं स्पष्ट मत आहे की चालवू नये.

विकणाऱ्याची भाषा ठरलेली असते: ‘दुकानात तपासून घेतलंय, मस्त चालतं.’ फोटो एकाच बाजूचे, मुठीच्या बुडाचा एकही नाही. म्हणून आधी तोच मागा. तिथे दोरी अडकवायची कडी असायची. भोक बुजवून घासलेलं दिसलं तर सावध व्हा. मग नळीवरची अक्षरं वाचा. ‘.३८ एस अँड डब्ल्यू सीटीजी’ (सीटीजी म्हणजे काडतूस) असेल आणि मधे ‘स्पेशल’ नसेल, तर मूळ काडतूस कोणतं ते तिथेच लिहिलंय. अक्षरं घासून पुसट केलेली असतील तर तेही बोलकंच आहे. ब्रिटनमध्ये विक्रीपूर्वी चाचणी झालेल्या नगांवर ‘.३८ .७६७’ आणि ‘३½ टन्स’ असे ठसे सापडतात, यातलं .७६७ म्हणजे पुंगळीची इंचांतली लांबी. कापलेली नळी माशीवरून, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुंटीवरून, ओळखावी: मूळ माशी नळीच्या अंगचीच असते, नंतरची डाक देऊन बसवलेली असते आणि बुडाशी सांधा दिसतो.

चकाकीला भुलू नका. व्हिक्टरीचा मूळ रंग मंद करडा, मूठ साधी गुळगुळीत अक्रोडाची. कल्हई केल्यासारखं झळकणारं व्हिक्टरी कुणीतरी पॉलिश केलेलं आहे, आणि पॉलिशच्या चाकाखाली कडा गोल होतात, स्क्रूच्या भोकांना बशीसारखा उतार येतो. रंग उडालेलं, मुठीला पोचे पडलेलं पण आतून घट्ट रिव्हॉल्व्हर याच्या दसपट चांगलं, आणि सहसा स्वस्तही.

खात्रीची परीक्षा एका रिकाम्या पुंगळीने होते. .३८ एस अँड डब्ल्यूची पुंगळी खिशात ठेवा. रिव्हॉल्व्हर रिकामं असल्याची स्वतः खात्री करून ती सहाही चेंबरमध्ये घालून पाहा. खऱ्या .३८ स्पेशलच्या चेंबरमध्ये ती आत जात नाही, कारण ती जाड आहे. ती पूर्ण बसली आणि स्पेशलचीही पूर्ण बसली, तर चेंबर वाढवलेलं आहे. यावर विकणाऱ्याचं कुठलंही स्पष्टीकरण ऐकून घेऊ नका.

बाकी तपासणी कोणत्याही जुन्या रिव्हॉल्व्हरची असते तशीच. सिलिंडर आणि नळी यांच्यातली फट फीलर गेजने, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी, मोजा, ०.१० ते ०.२५ मिमी ठीक. सिलिंडर बंद करून मागेपुढे ढकला, खडखडाट नको. घोडा (मागची हातोडी) हळूहळू ओढताना प्रत्येक चेंबर पूर्ण जागेवर येऊन अडकलं पाहिजे. घोडा चढवून अंगठ्याने पुढे रेटला तर तो सुटता कामा नये.

वेब्ली मार्क सहा या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरचं दुखणंही याच जातीचं. .४५ एसीपी हे पिस्तुलाचं काडतूस बसावं म्हणून सिलिंडरची मागची बाजू तासलेली असते. .४५५ काडतुसासाठी बनलेल्या, वरून मोडून उघडणाऱ्या त्या सांगाड्याला २१,००० पाउंड प्रति चौरस इंच दाबाचं काडतूस भारी पडतं.

दुसऱ्या राज्यातून मागवलेलं रिव्हॉल्व्हर परवानाधारक दुकानदाराकडेच येतं. तपासणीची मुदत विक्रेत्याकडून लेखी घ्या, आणि पुंगळीची परीक्षा दुकानाच्या काउंटरवर, शस्त्रखरेदीचा ४४७३ क्रमांकाचा संघीय फॉर्म भरण्याआधी करा. बहुतेक विक्रेत्यांच्या अटींत हस्तांतर झालं की परतीचा हक्क संपतो. एच-१बी किंवा एफ-१ वर असलेल्या आपल्या मराठी मंडळींनी तर त्याही आधी थांबावं: अशा व्हिसावर शस्त्र बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे काही अपवाद आहेत, पण ते वकिलाकडून तपासून घेतल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका.