तिशी उलटल्यावर आयटी की आयटीआय?

मी दोन्ही करून बसलोय, एक अर्धवट आणि एक पूर्ण, त्यामुळे थोडंफार बोलायला हरकत नाही असं समजतो. वय तेव्हा ३२, कळंगुटच्या पट्ट्यात एका हॉटेलात फ्रंट ऑफिसला नऊ वर्षं झालेली, आणि त्या नऊ वर्षांत चतुर्थीला घरच्या आरतीला उभा राहिलो तो दोनदा. (सरकारी जाहिरातीची वाट बघणं हा तिसरा पर्याय मी धरतच नाही. गोव्यात बहुतेक पदांना ४५ ची मर्यादा आहे, म्हणजे माणूस ४५ पर्यंत वाट बघतच बसतो.)

पहिला प्रयत्न डेटा ॲनालिटिक्सचा, म्हणजे आकडेवारी चाळून तिचा अर्थ लावायचं काम. आठ महिने, ऑनलाइन, फी ईएमआयवर. नोकरी सोडावी लागत नाही हा याचा सगळ्यात मोठा फायदा आणि तो खरा आहे. एक्सेल येतच होतं, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) जमलं, पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा रडतखडत. शिकवणारे पण वाईट नव्हते. पण लाइव्ह क्लास शनिवार-रविवार, आणि शनिवार-रविवारी हॉटेलात सुट्टी कोण देतो? मग रेकॉर्डिंग. रात्री साडेअकराला घरी यायचं, जेवायचं, लॅपटॉप उघडायचा आणि अडलं की अडलं. एकदा डेटाची दोन टेबलं जोडताना ओळी दुप्पट येत होत्या, का ते काही कळेना. ग्रुपवर विचारलं तर दोन दिवसांनी उत्तर, "कव्हर केलंय, रेकॉर्डिंग बघा." सव्वादोन तासांचं रेकॉर्डिंग बघितलं, त्यात ते नव्हतंच. शेवटी कळलं की एकाच गिऱ्हाइकाची नोंद दुसऱ्या टेबलात दोनदा होती, बस एवढंच. शेजारी कोणी बसलेला असता तर दोन मिनिटांत बोट ठेवलं असतं त्याने. एवढ्याशा गोष्टीवरून कोर्स सोडलास का असं बायकोने पण विचारलं, तर हो, जवळजवळ तसंच. विशीत असतो तर चार रात्री जागलो असतो, आता सकाळी सातची शिफ्ट असली की रात्री एक वाजता डोकं चालत नाही.

आणि प्रोजेक्ट सगळ्या दुनियेचा एकच, टायटॅनिक बुडालं तेव्हा कोण वाचलं. कोर्स चालू असतानाच पणजीत एक इंटरव्ह्यू दिला, समोरचा माणूस हसून म्हणाला, "टायटॅनिक सोडून काय केलंय?"

मग आयटीआय, रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड. सरकारी आयटीआय म्हापसा, पणजी, डिचोली, फर्मागुडी असे ठिकठिकाणी आहेत, प्रत्येक ट्रेड प्रत्येक ठिकाणी मिळेलच असं नाही. दहावी गणित-विज्ञान घेऊन पास लागतं, वरची वयोमर्यादा नाही. फी नावाला. पण दोन वर्षं पूर्ण दिवस आणि ८० टक्के हजेरी, ही खरी किंमत. पहिलं वर्ष मी हॉटेलात नाइट शिफ्ट करून काढलं, दुसऱ्या वर्षी ते झेपेना, बायकोच्या पगारावर घर चाललं. वर्गात सगळी सतरा-अठराची पोरं, पहिल्या दिवशी मला सर समजून उभी राहिली, नंतर वर्षभर अंकल. सुरुवातीचे काही आठवडे तर फक्त लोखंडाचा तुकडा कानशीने घासायचा, तेव्हा वाटलं की यापेक्षा टायटॅनिक बरं होतं.

पण एक दिवस तांब्याच्या पाइपचं तोंड फाकवत होतो, फ्लेअर म्हणतात त्याला, जोडणी केली, साबणाचा फेस लावला तर बुडबुडे. परत केलं, परत बुडबुडे. सरांनी पाइप हातात घेतला, तोंडावरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कापल्यावर आतली कड घासली नाहीस." दहा सेकंद लागली असतील. माझ्यासाठी प्रश्न तिथेच मिटला.

आता पैशाचं. आयटीआय संपवून एसीच्या कामाला लागलो, तर पहिल्या वर्षी हॉटेलच्या पगाराइतके सुटले नाहीत, दुसऱ्या उन्हाळ्यात सुटले. काम मार्च ते मे फुटेस्तोवर, पावसात कमी, पण पहिल्या गडगडाटात व्होल्टेज वरखाली झालं की लोकांच्या एसीतले पीसीबी (सर्किट बोर्ड) उडतात आणि फोन वाजतो. समुद्राकाठी तर काम संपतच नाही, बाहेरच्या युनिटच्या पाती खाऱ्या वाऱ्याने अशा होतात की बोट लावलं की पीठ. शिवाय नवीन एसीत आता बहुतेक आर-३२ गॅस, तो पेट घेऊ शकतो, त्यामुळे बघून-बघून शिकलेल्या मेकॅनिकपेक्षा शिकून आलेल्याला थोडी जास्त विचारणा असते, निदान माझा तरी अनुभव तसा.

डेटावाल्यांचं मी वाईट म्हणत नाही. माझ्याच बॅचचा एक जण पुण्याला लागला, माझ्यापेक्षा जास्त कमावतो, पण तो बीकॉम, अकाउंट्समधला, एकटा, आणि गोवा सोडायला तयार होता. ज्याची कंबर धरते किंवा तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर उभं राहायची भीती वाटते त्याने लॅपटॉपच घ्यावा. मला आई-वडिलांना सोडून जायचं नव्हतं, हे पण त्यात आलंच.

फक्त एक, आयटीआयकडे जायचं मनात असेल तर दहावीच्या निकालानंतर ॲडमिशनची गडबड सुरू होते, त्याआधी स्वतःचं दहावीचं सर्टिफिकेट आणि शाळा सोडल्याचा दाखला शोधून ठेवा. माझा दाखला माळ्यावरच्या ट्रंकेत मिळाला, एक कोपरा वाळवीने खाल्लेला, पण जन्मतारीख तेवढी वाचता येत होती.