मॅपर क्रमांक, बोर्डाचं नाव की हॅश? एनईएस कार्ट्रिजांची वर्गवारी करताना

एनईएस म्हणजे निन्टेन्डोचं जुनं गेमयंत्र. त्याच्या कार्ट्रिजांमधलं बँक स्विचिंग (मोठ्या रॉमचे तुकडे आळीपाळीने प्रोसेसरसमोर आणणं) म्हणजे काय आणि ते करणारा मॅपर कशाला लागतो, हे इथवर आलेल्या वाचकाला माहीत असणारच. अडतं ते त्याच्या पुढे. स्वतःचा एम्युलेटर (जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्राम) लिहायला घेतला किंवा साठलेला रॉमसंग्रह, म्हणजे कार्ट्रिजांतून उतरवलेल्या गेमच्या फाइली, नीट लावायचा ठरवलं, की एकच प्रश्न समोर येतो: अमुक फाइल कोणत्या प्रकारच्या कार्ट्रिजची, हे ठरवायचं कशावरून? वाटा ढोबळमानाने तीन. हेडरमधला (फाइलीच्या सुरुवातीच्या माहितीतला) मॅपर क्रमांक वाचायचा, कार्ट्रिजमधल्या सर्किट बोर्डाच्या नावावर जायचं, किंवा रॉमची हॅश (बाइटांवरून काढलेली बोटाच्या ठशासारखी खूण) काढून डेटाबेसशी ताडून पाहायची. तिन्ही वाटांनी मी गेलोय. तुमचं काम वेगळं असेल तर निवडही वेगळी असू शकते, हे आधीच सांगून ठेवतो.

क्रमांकापासून सुरुवात करू, कारण बहुतेकांची तिथूनच होते. आय-नेस या रूढ फाइल प्रकाराच्या हेडरमध्ये मॅपरला ८ बिट, म्हणजे फार तर २५६ क्रमांक. हे क्रमांक कुणी बसून आखलेले नाहीत. जसजसे गेम चालवायची गरज पडली तसतसे ते वाटले गेले. त्यामुळे तर्क शोधायला जाऊ नये. एमएमसी३ या मॅपर चिपचेच टीकेएसरॉम आणि टीक्यूरॉम हे बोर्ड, पण त्यांना ११८ आणि ११९ असे वेगळे क्रमांक मिळाले. उलट 'स्टारट्रॉपिक्स'मधली एमएमसी६ ही वेगळी चिप, स्वतःच्या पोटात १ किलोबाइट रॅम असलेली, तरी ती क्रमांक ४ मध्ये एमएमसी३ च्या मांडीला मांडी लावून बसलेली.

३४ नंबरचं प्रकरण तर याहून वरताण. 'डेडली टॉवर्स'चा बीएनरॉम बोर्ड आणि 'इम्पॉसिबल मिशन २'चा निना-००१ बोर्ड यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. पहिल्यात रॉमच्याच पत्त्यांवर लिहून ३२ किलोबाइटची बँक बदलते आणि चित्रांसाठी रॅम असते. दुसऱ्यात बँक निवडायची रजिस्टरं ७एफएफडी ते ७एफएफएफ या तीन (हेक्स) पत्त्यांवर, आणि चित्रांच्या रॉमच्याही बँका. दोघांना क्रमांक मात्र एकच. मग एम्युलेटर काय करतात? चित्रांची रॉम ८ किलोबाइटपेक्षा मोठी असली तर निना, नाहीतर बीएनरॉम. हा अंदाज चालतो हे खरं, पण असा अंदाज कोडमध्ये लिहिताना हात जरा अडखळतोच.

आय-नेसची सुधारित आवृत्ती असलेल्या एनईएस २.० हेडरने यातलं बरंच निस्तरलं. क्रमांक १२ बिटांचा झाला, आणि त्याच्या जोडीला पोटप्रकार सांगणारा ४ बिटांचा सबमॅपर आला. ३४ चा सबमॅपर १ म्हणजे निना, २ म्हणजे बीएनरॉम. अंदाज करायची गरजच उरली नाही. बॅटरीवर टिकणारी रॅम आणि साधी रॅम यांचे आकारही वेगवेगळे लिहिता येतात. शिवाय जुना एम्युलेटर ही फाइल आय-नेस समजून वाचतो आणि बहुतेक वेळा त्याचं त्यावाचून काही अडत नाही.

आता बोर्डाची नावं. कागदावर पाहिलं तर हीच पद्धत सर्वांत सरळ. कार्ट्रिज उघडा, बोर्डावर छापलेलं वाचा, संपलं. युनिफ या फाइल प्रकाराचा पायाच हा आहे: क्रमांक नाही, 'एमएपीआर' नावाच्या तुकड्यात बोर्डाचं नाव. ज्याला खऱ्या कार्ट्रिजांची नोंद ठेवायची आहे, त्याने दुसरीकडे बघायचं कारण नाही. एनईएसनंतरच्या सुपर निन्टेन्डो या यंत्राच्या बाबतीत तर नाव हेच वर्णन असतं. एसएचव्हीसी-१ए३एम मधला 'ए' म्हणजे लोरॉम, त्या जागी 'जे' असेल तर हायरॉम (या रॉमच्या पत्त्यांवरच्या दोन मांडण्या), आणि ३ म्हणजे ६४ किलोबिट सेव्ह रॅम. तिथे मीही नावाकडेच झुकेन. हेडर रॉममध्ये नेमका कुठे आहे ते शक्य जागांना गुण देऊन ठरवण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

पण एनईएसवर याच नावांनी मला वात आणला. एकच बोर्ड कुणी 'एनईएस-एसएनरॉम' लिहितं, कुणी नुसतं 'एसएनरॉम', आणि जपानी कार्ट्रिज असेल तर पुढे 'एचव्हीसी'. एसजीरॉम, एसकेरॉम, एसएलरॉम, एसएनरॉम ही सगळी एमएमसी१ चीच भावंडं; फरक चिपांच्या आकारात आणि रॅम आहे की नाही यात, आणि तो फाइलीतून वेगळा कळतोच. म्हणजे एम्युलेटरच्या दृष्टीने चार नावं आणि वागणं एक. तरी कोडमध्ये नावांची यादी ठेवावीच लागते, आणि ती वाढतच जाते. परवान्याविना निघालेल्या कार्ट्रिजांवर तर धड नावच नसतं, मग त्यांचं बारसं आपल्यातलंच कुणीतरी करतं आणि 'यूएनएल', 'बीएमसी' अशी आडनावं चिकटतात. कोनामीच्या व्हीआरसी४ बोर्डांवर नुसते सहा आकडी नंबर. त्यावरून चिपच्या दोन पिना प्रोसेसरच्या पत्त्याच्या ए१-ए२ तारांना जोडल्यात की ए६-ए७ ला, हे कुणाला कळायचं?

एवढंही चाललं असतं. मला खटकलं ते दुसरंच: यादीत नसलेलं नाव आलं की सगळंच ठप्प. आतली चिप ओळखीची, गेम ओळखीचा, पण नाव एका अक्षराने वेगळं म्हणून एम्युलेटर फाइल उघडायलाच तयार नाही. नावाचं उत्तर 'हो' किंवा 'नाही', मधलं काही नाही. याउलट सबमॅपरमध्ये शून्याला अर्थ आहे: नेहमीसारखं वागा, किंवा बारकावा नोंदलेला नाही. आपल्याला ठाऊक नसलेला सबमॅपर आला तर शून्य धरून पुढे जाता येतं, आणि माझ्या अनुभवात गेम बहुतेकदा चालतो. फार तर पडद्याची एखादी पट्टी हलते. 'अजून माहीत नाही' असं लिहायला जागा असणं हा वर्गवारीतला फार मोठा गुण आहे, असं मला वाटू लागलंय. शिवाय नाव जितकं नेमकं वाटतं तितकं ते नसतं. टीएलरॉमवर शार्पची एमएमसी३ आहे की एनईसीची, हे नाव सांगत नाही. पडद्याच्या ओळी मोजणाऱ्या काउंटरला शून्य दिल्यावर शार्पची नंतरची चिप दर ओळीला इंटरप्ट (प्रोसेसरला मध्येच थांबवणारा इशारा) देते, एनईसीची एकदाच. या फरकाला सबमॅपर ४ आहे.

हॅशबद्दल थोडक्यात. नेसकार्टडीबीसारखा, खऱ्या कार्ट्रिजांच्या नोंदींचा डेटाबेस हाताशी असेल तर मूळ, अस्पर्श रॉमसाठी याहून खात्रीची पद्धत नाही. पण एक बाइट बदलला की ओळख पुसली. भाषांतराचे पॅच (रॉममधले बाइट बदलणाऱ्या फाइली) लावलेले गेम, हौशी लोकांनी नव्याने लिहिलेले गेम, सगळे अनोळखी. मी ज्या फाइली सर्वांत जास्त चालवतो त्या नेमक्या याच जातीच्या आहेत. तुमच्या नसतील, तर हॅशबद्दलचं माझं मत थोडं हात राखूनच घ्या.

म्हणून माझ्याकडे सध्या एम्युलेटर फक्त हेडर वाचतो, आणि डेटाबेसचा उपयोग फाइल संग्रहात येताना एकदाच होतो: हॅश जुळली की जुना हेडर काढून एनईएस २.० चा बसवायचा. हा टप्पा गाळू नये. जुन्या फाइलींत सातव्या बाइटपासून 'डिस्कड्यूड!' ही अक्षरं भरलेली सापडतात. त्यातल्या 'डी'चं हेक्स मूल्य ४४, म्हणून मॅपर क्रमांकात ६४ ची भर पडते. एमएमसी१ चा गेम ६५ दाखवतो, एमएमसी३ चा ६८, आणि दोन्ही क्रमांक खरोखरच दुसऱ्या कुणाचे तरी असल्यामुळे एम्युलेटर तक्रारही करत नाही. पडदा नुसता काळा राहतो. हेडरचे शेवटचे चार बाइट शून्य नसतील तर मॅपर क्रमांकाचे वरचे चार बिट सोडून द्यायचे, हा जुना उपाय अजूनही उपयोगी पडतो. भाषांतराचा पॅच लावायचा तो हेडर बदलून झाल्यावर. आधी लावलात तर हॅश जुळणार नाही आणि हेडर हातानेच भरावा लागेल. काही पॅच तर हेडरवरही लिहून मोकळे होतात, तेव्हा लावून झाल्यावर पहिले १६ बाइट पुन्हा एकदा तपासून घ्या.