माझदा एमएक्स-५ की टोयोटा जीआर८६: परवडणारी स्पोर्ट्स कार घेताना

मागच्या चाकांवर चालणारी, हलकी, हाताने गिअर टाकायची आणि खिशाला झेपणारी नवी गाडी हवी असेल, तर निवड जवळपास या दोघींतच होते. जीआर८६ची सख्खी जुळी म्हणजे सुबारू बीआरझेड, त्यामुळे खाली जे आहे ते तिलाही लागू. बाकीच्या अशा गाड्या एकेक करून बंद झाल्या: टोयोटा एमआर-एस २००७ मध्ये गेली, होंडा एस२००० २००९ मध्ये, माझदाचीच आरएक्स-८ २०१२ मध्ये.

अशा गाड्या बंद का पडतात हे विक्रीच्या आलेखावरून कळतं. पहिली दोन-तीन वर्षं हौशी लोक तुटून पडतात, मग मागणी झपाट्याने ओसरते. सांगाड्याचा आणि क्रॅश टेस्टचा खर्च मात्र कमी होत नाही. एमएक्स-५ १९८९ मध्ये आली आणि तिची दहा लाखावी गाडी एप्रिल २०१६ मध्ये बाहेर पडली. म्हणजे वर्षाला सरासरी ४० हजारांच्याही आत, आणि ही जगातली सर्वाधिक खपलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार! टिकायचं तर खर्च वाटून घ्यावा लागतो. जीआर८६ सुबारूच्याच कारखान्यात बनते, बॉक्सर इंजिन (सिलिंडर आडवे, समोरासमोर) सुबारूचं, इंधन इंजेक्शनचं तंत्र टोयोटाचं. एमएक्स-५च्या सांगाड्यावर काही वर्षं फियाटची १२४ स्पायडरही निघत होती.

चालवायला एमएक्स-५ सरस. वजन १,१०० किलोच्या आसपास, आणि २०१९ पासून दोन लिटरचं इंजिन ७,५०० आरपीएमपर्यंत मोकळं फिरतं. ही उघड्या टपाची गाडी, पण कापडी टप काढायला मोटर लागत नाही: आरशाजवळची एक कडी सोडायची, बसल्या जागेवरून एका हाताने टप मागे ढकलायचा, खटका बसेपर्यंत दाबायचा. डिकी १३० लिटरची, दोन मऊ बॅगा मावतात. सेकंडहँड घेताना २०१६ ते २०१८च्या गाड्यांचा गिअरबॉक्स नीट तपासा. थंड गाडीत दुसरा-तिसरा टाकताना घासल्यासारखं वाटलं तर सोडून द्या. माझदाने पुढे हा गिअरबॉक्स सुधारला. टपाच्या पाण्याचे निचरे पाचोळ्याने तुंबतात आणि पाणी आत मुरतं, म्हणून गालिचा उचलून हात लावून बघा.

रोजच्या वापराला जीआर८६. मागची सीट आडवी केली की चार सुटी चाकं आत बसतात. पहिल्या पिढीच्या दोन लिटर इंजिनात मधल्या आरपीएमला ताकद ढेपाळायची, आत्ताच्या २.४ लिटरच्या इंजिनात २५० एनएम टॉर्क (फिरवण्याचा जोर) ३,७०० आरपीएमलाच मिळतो आणि ती तक्रार संपली. खोट आहे ती ऑइलच्या बाजूला. चेंबरच्या, म्हणजे इंजिनाच्या तळातल्या ऑइलच्या भांड्याच्या, सांध्याला कारखान्यात लावलेलं गळती रोखणारं सीलंट जास्त झालं, तर त्याचे तुकडे सुटून ऑइल ओढणाऱ्या जाळीत अडकतात. शिवाय शर्यतीच्या ट्रॅकवर लांबलचक उजव्या वळणात ऑइल एका बाजूला सरतं आणि प्रेशर पडतं. ट्रॅकवर नेणार असाल तर चेंबर उतरवून जाळी साफ करा, आत बॅफल (ऑइल सरकू न देणारी आडकाठी) बसवा आणि परत जोडताना सीलंटची पातळ, सलग रेघच ओढा. जाड थर दिला तर तोच दोष नव्याने जन्माला येतो. रस्त्यावरच चालवणाऱ्याने एवढ्या खटपटीत पडू नये.

पुढचं चित्र ग्राहक कमी आणि नियम जास्त ठरवणार आहेत. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या सुरक्षा नियमांमुळे जीआर८६ युरोपातून बाहेर पडली. पोर्शेची पेट्रोल ७१८सुद्धा तिथे त्याच वर्षी सायबर सुरक्षेच्या नियमांपायी थांबली. माझदाने मात्र एमएक्स-५ची इलेक्ट्रॉनिक्स वेळेत बदलली, त्याच फेरीत नवं डिफरन्शियलही (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) दिलं, आणि गाडी वाचली. इलेक्ट्रिक एमएक्स-५ची घाई नको: आजच्या बॅटऱ्या घातल्या तर तिचा हलकेपणाच जाईल. होंडाने २०२५ मध्ये प्रील्यूड हायब्रिड करून परत आणली, पण ती पुढच्या चाकांवर चालते आणि तिला क्लच नाही. ज्याला क्लच हवाच आहे त्याने पुढच्या पिढीची वाट बघत थांबू नये. आत्ताची एमएक्स-५ घ्यावी.