एल सिस्तेमा : विनाशुल्क वाद्यवृंदाचा व्हेनेझुएलातील प्रयोग

मुलांना वाद्यवृंदातून विनाशुल्क संगीत शिकवणारी व्हेनेझुएलातील ‘एल सिस्तेमा’ ही योजना पारखायची, तर आधी तिचा कागदी वाद्यवृंद पाहावा. पुठ्ठा आणि कागदाचा लगदा यांपासून, पालकांच्या मदतीने बनवलेले व्हायोलिन खांद्याशी धरून चिमुरडी मुले गज कसा पकडावा आणि वाद्य कसे जपावे, हे शिकतात. खरे वाद्य नंतर हाती येते. अर्थतज्ज्ञ आणि संगीतकार होसे आंतोनियो आब्रेऊ यांनी १९७५ मध्ये काराकास येथे मोजक्या वादकांसह हा उपक्रम सुरू केला. गुरूसमोर एकट्याने बसण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या विद्यार्थ्याला सुरुवातीपासूनच घोळक्यात वाजवणे गोंगाटाचे वाटेल, परंतु शेजाऱ्याचे ऐकल्याविना आपला सूर जुळत नाही, ही शिस्त त्यातूनच अंगी बाणते. जगप्रसिद्ध वाद्यवृंद-संचालक गुस्तावो दुदामेल याच मुशीतून घडले.

तरीही पूर्ण गुण देववत नाहीत. आंतर-अमेरिकी विकास बँकेने केलेल्या अभ्यासात मुलांच्या आत्मसंयमात काहीशी सुधारणा दिसली, मात्र प्रवेश घेणाऱ्यांत गरीब घरांतील मुले अपेक्षेपेक्षा कमी निघाली. शिवाय पैसा सरकारी असल्याने राज्यकर्त्यांच्या समारंभांत ही मुले वाजवताना दिसतात, आणि ते खटकते.