उद्यमनगरात घडवून घेतलेला लोखंडी तरंगता जिना : वर्षभराच्या वापरानंतर

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील एका लहान फॅब्रिकेशन कार्यशाळेकडून आम्ही आमच्या दुमजली घरासाठी तरंगता जिना करवून घेतला. मधोमध एकच लोखंडी कणा, त्यावर झाळलेल्या आडव्या प्लेटा, प्लेटांवर ४० मिलिमीटर जाडीच्या सागवानी फळ्या आणि दोन पायऱ्यांमधली जागा मोकळी, असे त्याचे स्वरूप आहे. वर्षभराच्या वापरानंतर माझे मत असे की लोखंडकाम उत्तम झाले, सुतारकाम ठीक झाले, आणि साइटवरची काळजी मात्र घ्यायला हवी होती तितकी घेतली गेली नाही.

अशा जिन्याची छायाचित्रे दाखवून कोटेशन मागितले की बहुतेक ठिकाणी पहिला प्रश्न रंगाचा किंवा काचेच्या कठड्याचा येतो. या कार्यशाळेच्या मालकांनी आधी भिंत पाहिली. आमची मूळ इच्छा एका बाजूने भिंतीत रोवलेल्या सुट्या पायऱ्यांची होती. परंतु ती भिंत ४ इंची विटांची निघाल्यावर त्यांनी तो प्रकार तिथेच नाकारला. भारतीय मानकानुसार अशा सुट्या पायरीच्या मोकळ्या टोकाला १.३ किलोन्यूटन, म्हणजे साधारण १३० किलोंचा भार धरून हिशेब करावा लागतो, आणि त्या भाराने पायरीच्या मुळाशी येणारा उपटण्याचा जोर विटांच्या पातळ भिंतीला पेलत नाही. भिंतीच्या आत लोखंडी सांगाडा उभा करून तसा जिना होऊ शकतो, पण त्यासाठी भिंत फोडावी लागली असती. मधल्या कण्याचा पर्याय त्यातून आला.

कण्यासाठी दुसऱ्या एका ठिकाणी आम्हाला १५० मिलिमीटरचा एकच चॅनल, म्हणजे एका बाजूने उघडा असलेला लोखंडी पन्हळ, सुचवला होता, आणि तो अर्थातच स्वस्त पडत होता. येथे २०० बाय १०० मिलिमीटरचा, ६ मिलिमीटर जाडीचा बंद चौकोनी पाइप वापरण्याचा आग्रह धरला गेला आणि त्याचे कारणही नीट समजावून सांगण्यात आले. जिना १ मीटर रुंद असल्यामुळे माणूस फळीच्या कडेला पाय देतो तेव्हा कणा नुसता वाकत नाही, तर पिळलाही जातो. उघड्या चॅनलमध्ये हा पीळ सोसण्याची ताकद फार कमी असते, बंद पाइपमध्ये ती कितीतरी पटींनी अधिक असते. या पाइपचे वजन मीटरला २६ किलोंच्या पुढे जाते, त्यामुळे किलोवर दर लावणाऱ्या धंद्यात हा सल्ला त्यांच्या फायद्याचाच होता, अशी शंका कोणी घेऊ शकेल. मात्र आज धावत वर गेले तरी जिना थरथरत नाही, त्यामुळे जादा लोखंडाचे पैसे मला खटकत नाहीत.

मजल्याची उंची १० फूट असल्याने मध्ये चौक (वळणावरची सपाट जागा) घेऊन ९-९ चढांचे दोन भाग केले. प्रत्येक चढ, म्हणजे पायरीची उंची, १७० मिलिमीटरच्या किंचित आत आणि पाऊल, म्हणजे पाय ठेवायची रुंदी, २५० मिलिमीटर. सगळे चढ सारखे यावेत म्हणून खालच्या टाइलची जाडी आधीच धरून माप घेतले होते, ही गोष्ट विशेष नोंदवण्यासारखी आहे, कारण पहिली पायरी बुटकी राहिलेले जिने आपल्याकडे घरोघरी दिसतात.

झाळकाम मी कार्यशाळेत उभे राहून पाहिले. कण्याच्या वरच्या अंगाला ओळीने प्लेटा झाळल्या की झाळ आकसते आणि पाइपची टोके वर उचलली जातात. म्हणून वेल्डरने प्रथम सर्व प्लेटांना फक्त टॅक (झाळीचे छोटे तात्पुरते टाके) मारले, दोरी लावून ओळ तपासली आणि मग एकदा या टोकाची, एकदा त्या टोकाची अशा क्रमाने झाळ पुरी केली. स्लॅग, म्हणजे झाळीवर जमलेली खपली, झाडल्यावर झाळीवर कुठे भोके दिसली नाहीत. दोन ठिकाणी कडेला खाच पडली होती, ती मी न सांगता ग्राइंडरने साफ करून पुन्हा भरली. खालची १२ मिलिमीटरची प्लेट काँक्रीटमध्ये १६ मिलिमीटरच्या केमिकल अँकरने, म्हणजे भोकात रसायनाने घट्ट चिकटवलेल्या बोल्टने, बसवली. भोक पाडल्यावर आधी ब्रश, मग हवेचा पंप, पुन्हा ब्रश, असे करून धूळ काढल्यावरच रसायन भरले. अँकरची सगळी पकड या कंटाळवाण्या कामावर अवलंबून असते आणि नेमके तेच अनेक जण टाळतात.

तक्रारीची बाब अशी की चौकाजवळची जोडणी घरातच झाळताना खिडकीची काच आणि शेजारच्या टाइल झाकल्या गेल्या नाहीत. ग्राइंडरच्या ठिणग्यांचे बारीक काळे ठिपके काचेत रुतले आणि ते कशानेही निघत नाहीत. मालकांनी काचेचे पैसे बिलातून वजा केले, टाइलचा विषय मात्र गुळमुळीत ठेवला. फळ्याही ठरल्या वेळेच्या बऱ्याच नंतर, ऐन पावसाळ्यात आल्या, आणि त्यांतल्या दोन हिवाळ्यात आकसून कुरकुरू लागल्या. फळीच्या खालून बोल्ट असल्यामुळे त्या आवळता आल्या; वरून स्क्रू मारले असते तर हे सोपे गेले नसते.

दोन फळ्यांमधली फट जवळजवळ १३० मिलिमीटर होती. अमेरिकेतील घरांच्या नियमावलीत ४ इंची गोळा जिन्याच्या मोकळ्या जागेतून आरपार जाता कामा नये, असा दंडक आहे. घरात रांगते मूल असल्याने मी हा मुद्दा काढला, तेव्हा प्रत्येक फळीच्या मागच्या कडेखाली ३२ मिलिमीटरची पट्टी लावून फट १०० च्या आत आणून दिली. समोरून पाहताना ती पट्टी सहसा लक्षातही येत नाही.

लाकूड, रंग आणि काचेच्या कठड्यासह एकूण खर्च पावणेदोन लाखांच्या आसपास गेला. कोटेशन घेताना लोखंडाचे अंदाजी वजन, पाइपची जाडी आणि साइटवर झाकपाक कोणी करायची, या तीन गोष्टी लेखी मागाव्यात. आमच्या कागदावर पहिल्या दोनच होत्या.