पॅरिस, दोन लहान मुलं आणि तीनशे युरोंची टॅक्सी

पॅरिसला मुलांना घेऊन निघालेल्यांना खिसेकापूंबद्दल सगळेच बजावतात. आयफेल टॉवरखाली पाकीट सांभाळा, मेट्रोत सॅक पुढे घ्या, हे आम्हालाही ज्याने त्याने सांगितलं होतं. आमच्या खिशाला कोणी हात लावला नाही. आमचे पैसे गेले ते शहरात पाय टाकण्याआधीच, कार्ड मशीनवर पिन टाकून, रीतसर. ज्या लबाडीने ते काढून घेतले ती खास लहान मुलांच्या आईबापांसाठी बेतलेली आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

शार्ल द गोल विमानतळावर सामान घेऊन बाहेर येता ना, तिथेच ही माणसं उभी असतात. आमच्यासमोर आलेला माणूस निळ्या सुटातला, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. "टॅक्सी, टॅक्सी" असं काही तो ओरडत नव्हता. तसा ओरडणाऱ्याला आम्ही झटकलंच असतं. त्याने आधी माझ्या कडेवरच्या अडीच वर्षांच्या मुलाकडे पाहिलं, मग बॅगेवर पेंगणाऱ्या सहा वर्षांच्या मुलीकडे, आणि काळजीच्या सुरात इंग्रजीत विचारलं, "मुलांच्या सीट आणल्यात का?"

नव्हत्या आणल्या. मग त्याने नियम सांगितला. फ्रान्समध्ये दहा वर्षांखालच्या मुलाला सीटशिवाय गाडीत बसवता येत नाही, पोलिसांनी धरलं तर १३५ युरो दंड. टॅबलेटवर सरकारी दिसणारं एक पान उघडून दाखवलं. बाहेरच्या रांगेतला कुठलाही टॅक्सीवाला तुम्हाला घेणार नाही, तासभर उभे राहाल आणि परत आत याल, असंही म्हणाला. त्याच्याकडे मात्र सीटची सोय असलेली गाडी होती. भाडं? "सरकारी दर. सीन नदीच्या डाव्या काठाला ६५ युरो." आमचं हॉटेल मोंपार्नासजवळ, म्हणजे डाव्याच काठाला. आणि ६५ हा आकडा आम्ही निघण्याआधी वाचलेला होता. जुळला.

मेट्रोने किंवा लोकलने का नाही गेलात, असं नंतर बऱ्याच जणांनी विचारलं. बाबागाडी घेऊन पॅरिसच्या मेट्रोत एकदा उतरून बघा. जुन्या लाईनींवर लिफ्ट म्हणजे नवसानेच सापडायची. सगळ्या स्टेशनांवर लिफ्ट असलेली लाईन म्हणजे १९९८ साली सुरू झालेली १४ नंबरची. बाकी ठिकाणी जिने, वळणं, पुन्हा जिने. दोन मोठ्या बॅगा, एक बाबागाडी आणि झोपेला आलेली दोन मुलं घेऊन तिथे जाण्यात शहाणपण नव्हतंच. टॅक्सी हा आमचा आधीपासूनच ठरलेला बेत होता, आणि अशी कुटुंबं टॅक्सीनेच जाणार हे त्या माणसालाही पक्कं ठाऊक होतं.

गाडी रांगेत नव्हती, पार्किंगच्या खालच्या मजल्यावर होती. काळी व्हॅन, टपावर दिवा नाही. सामान त्याने झटपट डिकीत टाकलं, बाबागाडीसकट. मग आत पाहिलं तर सीट म्हणून एकच, उंची वाढवायची गादी. ती मुलीला दिली. धाकट्याचं काय, असं विचारल्यावर म्हणाला, "मांडीवर घ्या, पाऊण तासाचा तर प्रश्न आहे." दहा मिनिटांपूर्वी हाच माणूस १३५ युरो दंडाचं पान दाखवत होता! पण तोवर सामान आत, दारं बंद आणि गाडी चालू.

हॉटेलच्या दारात न थांबता तो अलीकडच्या वळणावर थांबला. आता मला कळतं की तेही ठरलेलंच असणार. हॉटेलच्या दारात माणसं असतात, कोपऱ्यावर कोणी नसतं. मग हिशोब सुरू झाला. ६५ युरो माणशी. चार माणसं, २६०. मुलांच्या सीटचे वीस-वीस, म्हणजे ४०. एकूण ३००. जी दुसरी सीट गाडीत नव्हतीच तिचेही वीस युरो त्याने लावले होते, आणि हे सांगताना त्याचा चेहरा तसाच, निर्विकार. नवरा भांडला. मी भांडले. तो आवाज न चढवता एवढंच म्हणत राहिला, "पैसे, मग डिकी." धाकटा भोकाड पसरून रडत होता, पाऊस भुरभुरत होता, मुलांचे कपडे, औषधं, दुधाची बाटली, सगळं डिकीत. अडला हरी. नवऱ्याने कार्ड पुढे केलं.

खरी गोष्ट कळली ती हॉटेलच्या काउंटरवर. तिथल्या बाईंनी आमची तोंडं बघूनच विचारलं, टॅक्सी का? त्यांना ती कहाणी नवी नव्हती. मग त्यांनी शांतपणे सांगितलं की मुलांच्या सीटचा नियम खरा आहे, दंडही खरा आहे, फक्त टॅक्सीला तो लागू नाही. तिथल्या वाहतूक नियमांतच टॅक्सीला त्यातून सूट दिलेली आहे. रांगेतल्या पहिल्या टॅक्सीने आम्हाला निमूटपणे घेतलं असतं. (सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा. लांबच्या प्रवासाला मला स्वतःला सीट हवीच वाटते. तशी हवी असेल तर टॅक्सी आगाऊ नोंदवून सीट मागून घ्यायची. २०२५ मध्ये आगाऊ नोंदणीला भाड्यावर ७ युरो जास्त पडत होते. तीनशेपुढे सात!)

या लबाडीतला सगळ्यात हुशारीचा भाग हाच. त्या माणसाने आम्हाला सांगितलेल्या बहुतेक गोष्टी खऱ्या होत्या. दहा वर्षांची अट खरी, १३५ युरो खरे, डाव्या काठाचे ६५ युरोही खरे. नियमातलं शेवटचं अर्धं वाक्य तेवढं त्याने गिळलं. सीटच्या नियमातलं "टॅक्सी सोडून" गिळलं आणि भाड्यातलं "पूर्ण गाडीचे" गिळलं. तुम्ही फोनवर तपासायला गेलात तरी पहिल्या ओळीत तुम्हाला त्याचंच म्हणणं बरोबर दिसेल. आणि एक मूल कडेवर, एक बॅगेवर असताना दुसऱ्या ओळीपर्यंत कोण पोचतं?

म्हणून ती दुसरी ओळ इथे लिहून ठेवते. २०१६ पासून पॅरिसच्या विमानतळांवरून शहरात यायला टॅक्सीचं भाडं बांधून दिलेलं आहे. २०२५ चे दर: शार्ल द गोलहून सीनच्या उजव्या काठाला ५६ युरो, डाव्या काठाला ६५. ओर्ली या दुसऱ्या विमानतळाहून उलट, डावा काठ स्वस्त: ३६, आणि उजवा ४५. हे पूर्ण गाडीचे पैसे, चार माणसांपर्यंत. पाचव्या माणसाला थोडे जास्त लागतात. बॅगांचे वेगळे पैसे नाहीत, बाबागाडीचेही नाहीत, रात्र असो की रविवार. खऱ्या टॅक्सीच्या टपावर दिव्याची पेटी असते, मोकळी असेल तर हिरवी, भरलेली असेल तर लाल. आत मीटर असतो, कार्ड घ्यावंच लागतं, पावती मागितली की द्यावीच लागते. आणि सगळ्यात सोपी खूण म्हणजे खरा टॅक्सीवाला तुम्हाला आत येऊन शोधत नाही. तो बाहेर रांगेत गाडीत बसलेला असतो. इमारतीच्या आत जो कोणी तुमच्याकडे चालत येतो तो टॅक्सीवाला नव्हे, मग त्याच्या गळ्यात किती का ओळखपत्रं लटकेनात.

परतताना हॉटेलने साधी टॅक्सी बोलावून दिली. चालक आजोबांच्या वयाचे. बाबागाडी स्वतः घडी करून डिकीत ठेवली, सीटचा शब्दही काढला नाही, विमानतळावर आधी सामान खाली उतरवलं आणि मग पैसे घेतले. क्रम लक्षात घ्या.

तक्रारीचं काय झालं तेही सांगते, कारण "बँकेत कळवा, पैसे परत मिळतात" असं सर्रास सांगितलं जातं. आमच्या बँकेने पिन टाकून केलेला व्यवहार म्हणून तक्रार बंद केली. स्टेटमेंटवर टॅक्सीचा उल्लेखच नव्हता. भलत्याच, फुलांच्या दुकानासारख्या नावाने पैसे गेले होते. पोलिसांकडे जायला गाडीचा नंबर हवा, आणि रडणारं मूल सांभाळताना तो टिपायचं भान कुणाला राहणार? तिथे टॅक्सींवर नजर ठेवणारं पोलिसांचं खास पथक आहे, त्याला 'बोअर्स' म्हणतात, आणि ते विमानतळांवर अशा बनावट चालकांना पकडतं. विनापरवाना टॅक्सी चालवण्याला एक वर्षापर्यंत कैद आणि १५ हजार युरोंपर्यंत दंड आहे. २०१८ मध्ये एका थाई जोडप्याकडे याच विमानतळावरून शहरात आणल्याचे २४७ युरो मागितले गेले, गाडीची दारं बंद करून. त्यांनी ते मोबाइलवर टिपलं, व्हिडिओ जगभर फिरला आणि त्या चालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली. म्हणजे चित्रीकरण हाताशी असेल तर हे लोक सापडतात. नसेल तर पुढच्या विमानाच्या वेळेला पुन्हा सूट घालून तिथेच हजर.

मुलांच्या आडून पैसे काढायचे आणखी दोन प्रकार तिथे पाहिले. मोंमार्त्रच्या टेकडीवर साक्रे-कर चर्चकडे जाणाऱ्या पायऱ्यांपाशी रंगीत धागे घेऊन तरुण उभे असतात. मोठी माणसं हात खिशात घालून निघून जातात, म्हणून ते मुलांकडे वळतात. आमच्या मुलीने तर पूजेत गुरुजींपुढे करावा तसा हात पुढे केला! बोटात दोरा अडकवून गाठ मारायला त्याला क्षणभर पुरलं, आणि मग आईकडे वीस युरोंची मागणी. मी पर्समधली छोटी कात्री काढून दोरा कापला, त्याच्या हातात ठेवला आणि चालू लागले. पायऱ्या टाळायच्या असतील तर शेजारून केबलवर चालणारी गाडी वर जाते, मुलांना तीच जास्त आवडते.

दुसरा प्रकार घरबसल्या होतो. तिकिटं विकणाऱ्या काही संकेतस्थळांवर लूव्र संग्रहालयासाठी "मुलांचं तिकीट" पैसे घेऊन विकलं जातं. लूव्र, ओर्से संग्रहालय, व्हर्सायचा राजवाडा, आर्क द ट्रायम्फ ही कमान, या सगळीकडे १८ वर्षांखालच्यांना प्रवेश फुकट आहे, कुठल्याही देशाची मुलं असोत. लूव्रला फक्त वेळ राखून ठेवायला शून्य युरोचं तिकीट त्यांच्याच संकेतस्थळावर काढायचं, आणि मंगळवार टाळायचा, त्या दिवशी ते बंद असतं. आयफेल टॉवरला मात्र चार वर्षांपासून पुढच्या मुलांना पैसे पडतात. शहरातल्या मेट्रोत चार वर्षांखालच्यांना तिकीट नाही आणि चार ते नऊ वर्षांच्यांना अर्धं. तिकीट मशीनपाशी मदतीला धावून येणारा कोणी तुमच्या हातातले रोख पैसे घेऊन "फॅमिली पास" काढून देऊ लागला तर मशीन सोडून खिडकीवर जा. त्याच्या पासात मोठ्यांनाही लहानांची तिकिटं निघतात, आणि आत तिकीट तपासणारा दंड तुम्हाला करतो.

आणि एवढं करूनही कधी सामान डिकीत आणि चालक अडून, असा प्रसंग आलाच, तर एक मोठं माणूस मुलांना घेऊन लगेच खाली उतरून फुटपाथवर जाऊ दे. दुसऱ्याने गाडीतच बसून राहायचं, दार उघडं ठेवून, म्हणजे त्याला सामान घेऊन पळता येत नाही. मग खाली उतरलेल्याने मोबाइलवर आधी नंबरप्लेट, मग त्याचा चेहरा टिपायचा आणि त्याच्यादेखत १७ लावायचा, तो पोलिसांचा. इंग्रजीत बोलायचं असेल तर ११२. पासपोर्ट, औषधं, मुलांचं दूध आणि एक-एक कपड्यांचा जोड डिकीत जाऊच देऊ नका, मांडीवरच्या पिशवीत ठेवा.