आसगावचा नसबंदी कोर्स: परदेशातून येणाऱ्या पशुवैद्यक विद्यार्थ्यांसाठी परीक्षण

गोव्यात बार्देश तालुक्यातल्या आसगावला वर्ल्डवाइड व्हेटर्नरी सर्व्हिस या ब्रिटिश सेवाभावी संस्थेचं प्रशिक्षण केंद्र आहे. उटीचं केंद्र त्याआधीचं. इंग्लंड-युरोपातले पशुवैद्यक विद्यार्थी इथे साधारण दोन आठवडे येतात आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी शिकतात. शिकत असलेली मराठी मुलंमुली हल्ली परदेशातही आहेत, त्यांनाही हे उपयोगी पडावं.

केंद्राची खरी ताकद त्याच्या पाठीशी असलेल्या कामात आहे. याच संस्थेने 2013 साली सुरू केलेल्या ‘मिशन रेबीज’ या लसीकरण मोहिमेच्या पथकांनी गोव्यात जाळी घेऊन गल्लोगल्ली कुत्रे पकडून लस टोचली, प्रत्येक लशीची नोंद फोनवरच्या अ‍ॅपमध्ये ठेवली. 2021 मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून घोषित झालं. विद्यार्थ्याच्या हातून होणारं ऑपरेशन या साखळीतली एक कडी असते. सिंहाच्या पिल्लांना बाटलीने दूध पाजायला लावणाऱ्या महागड्या ‘सेवा सहलीं’शी याची तुलनाच होऊ शकत नाही.

येण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस हवीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार दोन डोस, पहिला घेतल्यावर दुसरा सात दिवसांनी. लस घेतली असली तरी कुत्रा चावला तर जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि पुन्हा दोन डोस घ्यायचे, एक त्याच दिवशी आणि दुसरा त्यानंतर तीन दिवसांनी. व्हिसा कोणत्या प्रकारचा लागेल हे केंद्राकडून लेखी घ्यावं.

आता मुद्द्याचं. विद्यार्थी सुरी धरायला उतावीळ असतात, पण गडबड बहुतेक वेळा भुलीत होते. नसबंदी केंद्रांत झायलाझिन किलोमागे 1 मिलिग्रॅम स्नायूत आणि नंतर केटामिन 5 मिलिग्रॅम व डायझेपाम 0.25 मिलिग्रॅम शिरेतून, अशी भुलीच्या औषधांची जोडी सर्रास वापरतात. नुकताच जाळ्यातून काढलेला कुत्रा भेदरलेला असतो, त्याच्यावर झायलाझिन अर्धवटच चढतं. मग घाईने वाढीव डोस दिला जातो आणि दहा मिनिटांनी श्वास व ठोके दोन्ही मंदावतात. पिंजऱ्यावर कापड टाकून दहा-पंधरा मिनिटं शांत ठेवलं तर हे टळतं. दुसरी चूक वजनाची. बारा किलोची कुत्री नजरेने अठराची वाटली, की डोस दीडपट झाला. तराजूवर ठेवल्याशिवाय सिरिंज भरू नये.

परदेशी कॉलेजांत पोटाच्या मध्यरेषेवरून छेद शिकवतात. भारतातल्या नसबंदी केंद्रांत बऱ्याच ठिकाणी उजव्या कुशीतून घेतात, कारण जखम लांबून दिसते आणि टाका सुटला तरी आतडी लगेच बाहेर येत नाहीत. पण डाव्या अंडाशयाचा रक्तवाहिन्या असलेला देठ हातातून निसटला तर कुशीतल्या छोट्या छेदातून तो शोधणं फार अवघड. गाभण कुत्रीला तर ही वाट टाळावी.

देठ निसटणं हाच या ऑपरेशनचा सगळ्यात वाईट क्षण. पोट रक्ताने भरतं आणि नवखा हात आंधळेपणाने चिमटे मारू लागतो, त्यात मूत्रवाहिनी सापडू शकते. अशा वेळी थांबावं आणि छेद वाढवावा. उजवीकडे ड्युओडेनम (लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग) उचलून त्याच्या पडद्याने बाकीची आतडी अडवावीत, डावीकडे हेच काम उतरत्या मोठ्या आतड्याकडून करून घ्यावं. मूत्रपिंडामागे देठ दिसतोच. मुळात तो निसटू नये म्हणून गाठ चिमट्याने चेपलेल्या खाचेत बसवावी आणि सोडण्याआधी कडेला चिमटीत धरून रक्त येतंय का ते पाहावं. गोचिडताप झालेल्या कुत्रीत प्लेटलेट कमी असतात, गाठ पक्की असूनही रक्त झिरपत राहतं. हिरड्या फिकट दिसल्या तर ऑपरेशन पुढे ढकलणं शहाणपणाचं.

ऑपरेशननंतर विद्यार्थ्यांचं लक्ष उडतं, आणि तिथेच कुत्र्याला माणसाची गरज असते. केटामिनने डोळे उघडे राहतात, त्यात मलम घालावं लागतं. गोव्याच्या उकाड्यातही तापमान उतरतं, कारण मुंडलेल्या पोटावर स्पिरिट ओतलेलं असतं. 37 अंशांखाली गेलं की ऊब द्यायलाच हवी.

दोन आठवड्यांत हात बसतो, पण निर्णयशक्ती येत नाही. गाई-म्हशींचं काम इथे मिळणार नाही, ते हवं असेल तर दुसरीकडे पाहावं. पावसाळ्यात पिंजरे ओले राहतात, जखमा चिघळतात, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ बरा. अर्ज करताना किती ऑपरेशनं मिळतील हे विचारण्यापेक्षा एका टेबलावर किती विद्यार्थी, किती नोंदणीकृत डॉक्टर, आणि कुत्रा किती दिवस देखरेखीखाली ठेवता, हे विचारावं.

मराठी येणाऱ्यांना इथे एक मोठा फायदा आहे. वाड्यावर कुत्र्यांना जेवू घालणाऱ्या मावशींशी थेट बोलता येतं. कुठल्या कुत्रीला पिल्लं झालीत हे त्या नेमकं सांगतात. आचळ दाबून दूध आलं तर तिला केंद्रात न्यायचं नाही, पिल्लं खायला लागेपर्यंत तिथेच राहू द्यायचं.